जळीत ऊस आणि तीन दिवसांची यादी

काष्टीजवळच्या त्या शेतात मी पोचलो तेव्हा पाचट जळून गेलं होतं आणि ऊस काळाठिक्कर उभा होता. विजेच्या तारेची ठिणगी पडली होती. शेताचे मालक नामदेवआबा बांधावर उभे होते. तोडणी टोळीचा मुकादम मात्र कोयता खाली ठेवून बसलेला.

"तोड सुरू का नाही?" मी विचारलं.

"छापील यादीत आबांचा नंबर दीड म्हयन्यानं हाय. हातानं खाडाखोड केलेली यादी चालनार न्हाई, ह्यो नियम तुमचाच न्हवं का, सायेब?"

नियम माझाच होता.

मी साखर कारखान्याचा प्रोग्रॅमर. कुणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी पूर्वी शेतकी ऑफिसर पेन्सिलीने करत. वशिला चालतो अशी ओरड झाली, म्हणून ते काम कॉम्प्युटरकडे आलं. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र हे कार्डांवर भोकं पाडून नोंदवायचं, कार्डं एसटीने पुण्याच्या भाड्याच्या मशीनवर न्यायची आणि यादी छापून आणायची. यादी अचूक येई. मला तिचा फार अभिमान होता.

पण जळीत ऊस थांबत नाही. दोन दिवसांत गाळला नाही तर रस आंबतो.

कारखान्यावर येऊन पुण्याला ट्रंक कॉल लावला. मशीन परवापर्यंत बुक. नवी यादी हातात यायला तीन दिवस. शेतकी ऑफिसर निकमसाहेबांनी कॉम्प्युटरच्या कामाच्या मंजुरीची जुनी फाइल उघडली. 'जळीत उसासाठी यादी किती वेळात बदलेल?' हा त्यांचा प्रश्न. खाली माझ्या अक्षरात उत्तर: 'लवकर.'

"लवकर म्हणजे किती तास, भोसले?"

खरं सांगतो, तीन दिवस लागतील हे मला लिहितानाच ठाऊक होतं. तसं लिहिलं असतं तर काम मंजूर झालं नसतं.

"आता हातानेच बदल करा. सही तुमची," निकमसाहेब म्हणाले.

सही केली तर वशिल्याचा ठपका येईल, नोकरी जाईल. "चेअरमनना विचारू," मी म्हणालो. चेअरमन दौऱ्यावर. ते दुसऱ्या दिवशी दुपारी भेटले आणि एका शब्दात हो म्हणाले.

निम्मा ऊस कसाबसा गाळला गेला. उरलेल्या उसाचा रस आंबला होता, त्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. आबा भांडले नाहीत. म्हणाले, "तुमचं मशीन लई हुशार हाय, सायेब. ऊसच अडानी, त्याला थांबायचं कळत न्हाई."

प्रोग्रॅम काय करतो हे मी चौकटी आणि बाण काढून नीट मांडलं होतं. किती वेळात करतो, अडला तर काय, याला एकही चौकट नव्हती. पुढे यालाच लोक 'नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट' म्हणू लागले. आता पहिल्या आराखड्यापासून शेवटच्या टेस्टपर्यंत मी प्रत्येक चौकटीशेजारी तास लिहितो आणि दर टप्प्यावर घड्याळ लावून तपासतो. जमत नसेल तर 'जमत नाही' असं लिहितो. त्यामुळे आजवर दोन कामं हातची गेली.