हडळीची पावलं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते जगन्नाथ परबांचे. कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे भाई म्हणत. मी सिनेमांवर लिहितो, थोडे लोक ते वाचतात, त्यातले एकदोन भांडायला येतात. या सगळ्याची सुरुवात भाईंच्या तळमजल्यावरच्या घरात झाली. भुताचा सिनेमा लावला की भाई खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारे घाबरतात.

"भाई, बघवत नाही का?" मी विचारलं.

"चित्र काय, कोणी पण बघतो," भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले. "मेल्या, डोळे मिटशीत, कान कसे मिटतलंस?"

भाईंनी सगळी नोकरी अंधेरीच्या एका स्टुडिओत सिनेमांना आवाज देण्यात घालवली. आवाज म्हणजे संवाद नव्हे. पडद्यावर नट चालतो, पण त्याच्या चपलांचा आवाज नंतर बंद खोलीत कोणीतरी चित्राकडे बघत काढत असतो. ते कोणीतरी म्हणजे भाई. कोवळी भेंडी मोडली की पडद्यावर बोटं मोडतात आणि ओलं गोणपाट फरशीवरून ओढलं की मढं ओढल्यासारखं वाटतं, हे मला त्यांनी करून दाखवलं. पावलाला पाऊल जुळलं नाही की ते म्हणत, "सिंक गेला. आता देव जरी नाचला तरी खोटा."

मी तालुक्याच्या गावातून आलेलो. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, घरात पहिली पदवी माझी. भाई मला नावाने कधी हाक मारत नसत, "काय ग्रॅज्युएट, जेवलास?" असंच विचारत. दर शनिवारी संध्याकाळी ते मला सिनेमा दाखवत. आज भुताचा, तर पुढच्या शनिवारी कुठल्यातरी दूरच्या देशातला, ज्यात बाई दहा मिनिटं नुसती बटाटे सोलते. मला झोप यायची. "भाषा नाय कळली तरी चालेल," ते म्हणत, "तिच्या सुरीचा आवाज ऐक. ती कोणावर रागावलीय ते कळेल." आणि खरंच कळायचं. सिनेमा संपला की वही पुढे सरकवत. "चांगला-वाईट नंतर. आधी अंगावर काटा खंय इलो ता लिव." माझं पहिलं परीक्षण मी असंच, काटा कुठे आला तिथून सुरुवात करून लिहिलं. आजही त्याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

एका शनिवारी त्यांनी स्वतःचाच एक जुना सिनेमा लावला. विहिरीतल्या हडळीचा. सेट पुठ्ठ्याचा, हडळीचा विग सरकलेला. पण ती चिखलातून चालत येते तेव्हा असा काही ओला, जड आवाज येतो की मी पाय खुर्चीवर घेतले. भाई खूश झाले.

"ती पावलं माझी नायत," ते म्हणाले. "दोन दिवस चिखल तुडवला, जमेना. तिसऱ्या दिवशी आमची माई डबा घेऊन स्टुडिओत इली. म्हणाली, सरा बाजूक. परातीत भिजलेला भात घेतलान आणि मळूक बसली. एका टेकमध्ये ओके. हडळ म्हणजे आमची माई." माई म्हणजे त्यांची बायको; तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "हे कोणाला सांगितलं नाय हां मी. तुला सांगतोय."

पुढे माझी जुहूच्या एका फिल्म मंडळाशी ओळख झाली. तिथली माणसं हुशार होती. इंग्रजीत हसत. जुने भुताचे सिनेमे ती चेष्टेसाठी लावायची आणि मीही त्यांच्याबरोबर हसायला शिकलो. त्यांच्या वेबसाइटसाठी मला इंग्रजीत लेख मागितला, तेव्हा मी विहिरीतल्या हडळीवर लिहिला. एकेक वाक्य शब्दकोश उघडून घासलं. त्यात मी लिहिलं, की ही हडळ चालते तेव्हा कोणी गृहिणी परातीत भात कालवत असल्यासारखं वाटतं, आणि ती भक्ष्य शोधायला निघालीय की पंगत वाढायला तेच कळत नाही. या वाक्याला सगळ्यांत जास्त दाद मिळाली. एकाने विचारलं, "भात? हे तुला सुचलं कसं यार?" मी म्हणालो, "सुचलं."

भाईंना इंग्रजी फार येत नसे. कोणीतरी त्यांना फोनवर लेख दाखवला. त्यांनी सिनेमाचं चित्र ओळखलं, खाली माझं नाव वाचलं आणि झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रत काढून आणली. सोसायटीच्या सत्यनारायणाला, प्रसाद वाटून झाल्यावर, ते इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले. "आमच्या ग्रॅज्युएटने माईच्या सिनेमावर इंग्रजीत लिहिलाय. तो आता सगळ्यांना मराठीत सांगेल." आणि तो कागद माझ्या हातात दिला.

मी कागद समोर धरून वाचलं. कागदावर नव्हतं ते वाचलं. या हडळीच्या पावलांनी अंगावर काटा येतो, म्हणालो. असा आवाज काढणारे कलावंत पुन्हा होणार नाहीत, म्हणालो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या जोशीकाकू म्हणाल्या, "किती सुंदर लिहितोस रे." भाई टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

नंतर त्यांनी मला जिन्याशी गाठलं. कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "ग्रॅज्युएट, ओठ नि आवाज जुळत नव्हते रे."

एवढंच. रागावले नाहीत, काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी मी काम आहे म्हणून गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काही महिन्यांनी बोरिवलीला जागा घेतली. माणसाला सिनेमातलं खोटं दिसतं म्हणून त्याला स्वतःच्या आवाजातलं खोटं पेलता येतं असं नाही.

परवा जोशीकाकू भेटल्या. भाईंना आता जवळजवळ ऐकू येत नाही, फोनवर तर मुळीच नाही, म्हणाल्या. त्या रात्री मी हे पत्र लिहिलं आणि सकाळी पोस्टात टाकलं.

"ती. भाईंस,
सा. न.

सोबतच्या कागदावर माझ्या त्या लेखाचं मराठी भाषांतर आहे. एक शब्दही गाळलेला नाही. पूजेच्या दिवशी मी वाचला तो लेख मी कधीच लिहिला नव्हता. भाताचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही मला विश्वासाने सांगितलेलं मी हसू मिळवण्यासाठी वापरलं. माईंनी मला कितीदा जेवायला वाढलं असतं, त्या असत्या तर. इंग्रजी माझं नवीन होतं, पण त्यावर ढकलणार नाही. मला कळत होतं.

रविवारी सकाळी दहाला मी येतो. तुम्हाला बेल ऐकू येत नाही, म्हणून वेळ कळवतोय. दार उघडं दिसलं तर आत येईन. बंद दिसलं तर परत जाईन, आणि ते चुकून बंद राहिलं असं स्वतःला सांगणार नाही.

आपला,
ग्रॅज्युएट"