न धुतलेला शर्ट

मंगळवारी दुपारी माझा नवरा कामावर असताना वारला. हॉस्पिटलने त्याचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले.

विक्रोळीच्या एका संशोधन केंद्रात तो डुकरं सांभाळायचा. माणसाच्या हृदयात बसवायच्या वस्तू तिथे आधी डुकराच्या हृदयात बसवून बघतात. डुक्कर घाबरलं की ठोक्यांची मोजणी बिघडते, म्हणून त्याला एकाच माणसाची सवय लावायची. तो माणूस माझा नवरा. आधी केळं भरवायचं, मग कानामागे खाजवायचं, मग आपल्या मागून चालायला शिकवायचं. शेवटच्या दिवशी, हृदय काढून तपासायचं असे तेव्हा, टेबलापर्यंत ती त्याच्याच मागून जायची.

"तुला काही वाटत नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"वाटतं ना. पण मी नसलो तर फरफटत नेतील," तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

संध्याकाळी सासूबाई त्याला दारातच अडवायच्या. "मेल्या, आधी न्हाऊन ये!" न्हाऊनही तो वास पुरता जात नसे. मी ग्रंथालयात काम करते. जुन्या पुस्तकांचा वास आवडतो म्हटलं की लोक कौतुकाने हसतात. हा वासही मला आवडायचा, ते मी कुणाला सांगितलं नाही.

पिशवीतला शर्ट मी धुतला नाही. सासूबाईंचा डोळा लागला की कपाट उघडून तो तोंडाशी धरायचे.

तेराव्यानंतर त्याचा कामावरचा मित्र आला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "वहिनी, रागावू नका. त्याचा कामावरचा शर्ट आहे का? न धुतलेला?"

"कशाला?"

"चार जनावरं तो गेल्यापासून धड खात नाहीयेत. नवीन पोरगा आत गेला की भिंतीला धडका देतात. टाके तुटले तर सगळं फुकट. मग नवी चार आणायची, पुन्हा छाती उघडायची. पोराने त्याचा शर्ट घातला तर कदाचित खातील."

"आणि खाल्लं तर ही चार वाचतील?"

त्याने कप खाली ठेवला. "यांचं तर व्हायचंच आहे, वहिनी."

आतून सासूबाई म्हणाल्या, "दी गो त्येका. माका तो वास घरात नको."

मी कपाटाशी बराच वेळ उभी राहिले. ती चार उपाशी होती. नाही म्हटलं तर आणखी चार येणार होती. मी शर्ट बाहेर आणून दिला.

काही दिवसांनी मित्र परत आला तेव्हा खुशीत होता. "झकास काम झालं! त्याच दिवशी खायला लागली. शेवटी पोराच्या मागून एका रांगेत गेली बघा. एकही ओरडलं नाही."

मग त्याने मिठाईच्या दुकानाची पिशवी पुढे केली. आत शर्ट होता, इस्त्री केलेला.

"रक्त लागलं होतं, म्हणून बायकोकडून दोनदा धुऊन घेतला," तो म्हणाला. "डागसुद्धा राहिला नाही."

मी त्याला चहा विचारला. तो घाईत होता.

शर्ट कपाटात आहे. त्याला साबणाचा वास येतो.