एका ताऱ्याचं मैदान

घड्याळवाल्यांच्या हातून आयुष्यात एकही घड्याळ बिघडलं नाही. बिघडलं ते एक मैदान, आणि तेही प्रेमापोटी. प्रेमापोटी माणसं काय काय घोळ घालतात ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही, तेव्हा हा एकच सांगतो.

मैदान होतं नगरपालिकेचं, गोल्फचं. गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लांबलचक मोटारी येतात. इथं तसलं काही नव्हतं. नऊ होल, पत्र्याचं एक तिकीटघर, एक नळ, दोन बाकं आणि सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी फी. काठ्या भाड्याने मिळत. त्यातल्या निम्म्यांच्या मुठी चिकटपट्टीने गुंडाळलेल्या. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून घड्याळवाले सकाळी इथं येऊ लागले आणि दहा वर्षं येतच राहिले. साडेसहाला पहिला फटका, साडेआठला शेवटचा, मग दुकान. सोबतीला तिघं: औषधवाला, निवृत्त बसचालक आणि दातांची डॉक्टरीण. खेळ चौघांचाही यथातथाच. कुणाचा चेंडू झाडीत गेला की बसचालक ओरडायचा, "उतरला हो उतारू, मधल्याच स्टॉपवर!"

पण ग्रीन! चेंडू घालायच्या भोकाभोवतीची जी गुळगुळीत हिरवळ असते ना, तिला म्हणायचं ग्रीन. ती राखायचे माळीबुवा, एकट्याने, बत्तीस वर्षं. उजाडता उजाडता लांब बांबू फिरवून गवतावरचं दव झाडायचे, मग यंत्र ढकलायचे. दर तीन दिवसांनी भोक नव्या जागी पाडायचे, त्यात खुणेचा झेंडा रोवायचे आणि जुन्या भोकात गवताचा गड्डा असा बसवायचे की शपथेवर विचारलं तरी जागा सांगता येऊ नये. तो गड्डा पायाने नाही, तळहाताने दाबायचे. घड्याळवाले भिंग लावून काम करणारे. त्यांना हे हात पहिल्याच दिवशी कळले. पण असलं काही तोंडावर बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ जड व्हायची. ते फार तर म्हणायचे, "काय बुवा, झेंडा आज कुठे नेऊन ठोकलात? चालवून मारता की काय आम्हाला?" बुवा हसायचे. एवढंच बोलणं.

मग कुणीतरी फोनवर मैदानाला पाच तारे दिले आणि लिहिलं की स्वस्तात मस्त. झालं! पुढच्या रविवारी ही झुंबड. कुणी गाणी लावतंय, कुणी ग्रीनवर बसून खातंय. चौघांना पहिल्या होलपाशी पाऊण तास ताटकळावं लागलं. औषधवाला वैतागून म्हणाला, "मैदान वाचवायचं असेल तर त्याला शिव्या घाला."

आणि घातल्या की त्यांनी! बाकीचे एक तारा देऊन मोकळे. घड्याळवाल्यांना मात्र अर्धवट काम कधी जमलंच नाही. त्यांनी चष्मा लावून, लेकीकडून शिकून घेऊन, नीट बैठक मारून लिहिलं: "ग्रीनवर ठिकठिकाणी खड्डे. गवताला टक्कल. माळी बहुधा झोपा काढतो." दुसऱ्या दिवशी बाकावर बसून वाचून दाखवलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. ऐकू जाणार नाही इतक्या पलीकडे माळीबुवा नळाला पाइप जोडत होते. गर्दी आटली. पुन्हा वाढतेय असं वाटलं की घड्याळवाले जावयाच्या, मेहुण्याच्या, भाच्याच्या नावाने नवे खड्डे पाडायचे. पाच वर्षांत चाळीसेक शेरे झाले असतील. एकदाही मनात आलं नाही की हे कुणी खरं धरून बसेल. शहाण्या माणसाची अक्कल कधी कधी अशी शेण खायला जाते.

नगरपालिकेत नवा साहेब आला. त्याने सगळ्या बागा-मैदानांचे तारे मोजले. आपलं मैदान तळाला! तिकीटघरावर नोटीस लागली: मैदान ठेकेदाराकडे जाणार, माळ्याला पाणीपुरवठ्याच्या गोदामात बसवणार.

घड्याळवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. ओळखीच्या पंचवीस जणांना धरून त्यांनी एका दिवसात पाच-पाच तारे द्यायला लावले. मग नगरपालिकेत धावले. कारकून म्हणाला, "काका, ते पंचवीस आम्ही खोटे म्हणून काढून टाकले. एका दिवसात एवढं कौतुक कुणी करतं का?"

"अहो, तेच खरे आहेत! बाकीचे खोटे!"

"असं कसं म्हणता? किती बारकाईने लिहिलंय बघा." कारकुनाने आवाज खाली आणला. "एक करा. माळ्याला लेखी उत्तर द्यायला सांगा की ग्रीन ठीक आहेत, येऊन बघा. साहेब वाईट नाहीत. स्वतः येतील, आणि बघितलं तर थांबवतील."

घड्याळवाले तिथून थेट मैदानावर. सगळं कबूल करायचं, उत्तरही आपणच लिहायचं, बुवांनी फक्त सही करायची, असं ठरवूनच आले. बुवा तिसऱ्या ग्रीनवर गुडघे टेकून बसले होते आणि दोन्ही तळहात गवतावरून फिरवत होते.

"बुवा, उत्तर लिहू या. साहेब येऊन बघणार आहेत."

"आता कशाला? कालच सही करून दिली मी."

"कशावर?"

"काम झेपत नाही, मोकळं करा, असं. आत्ताच मंजुरीचा निरोपही आला." बुवांनी वर पाहिलं नाही. "साहेबांनी सगळं वाचून दाखवलं हो. चाळीस माणसं कशाला खोटं लिहितील? पंधरा दिवस खड्डे शोधतोय. एकही दिसेना. म्हटलं, नजर गेली आपली. मग हाताने चाचपायला लागलो. हातालाही लागेना. म्हटलं, हातही गेले. असल्या माणसाने जागा कशाला अडवायची?"

घड्याळवाले त्यांच्यासमोर गवतावर बसले. "खड्डे नाहीत, बुवा. कधीच नव्हते. ते मी लिहिलं. सगळं मीच."

बुवांचे हात थांबले. "का?"

"गर्दी होऊ नये म्हणून. मैदान फार सुंदर होतं म्हणून. असे ग्रीन मी कुठे पाहिले नाहीत, बुवा. असे हात पाहिले नाहीत." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

बुवांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"रोज समोर होतो की मी तुमच्या," ते म्हणाले. "दहा वर्षं. हे एकदा तोंडाने म्हणाला असतात, तर सही केली नसती मी."