कच्चा माल

आमच्या परदेशातल्या शहरात लिटिल इंडिया नावाची भारतीय वस्ती आहे, तिथल्या दुकानात भाजक्या काजूंचा वास आला की मला घानाहून आलेल्या एक बाई आठवतात. मी तेव्हा इथल्या एका काजू-व्यापाऱ्याच्या ऑफिसात नोकरीला होतो. त्या बाईंच्या गावात काजू भरपूर पिकायचा, पण बिया तशाच जहाजात चढायच्या आणि फोडण्या-भाजण्याची कमाई परदेशात व्हायची. गावातच कारखाना काढून बायकांना काम द्यावं, म्हणून त्या आमच्या साहेबांकडे भांडवल मागायला आल्या होत्या. गावच्या बायकांनी घरी भाजलेल्या काजूंचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला. साहेब मूठमूठ तोंडात टाकत म्हणाले, "फर्स्ट क्लास! पण कारखाना तुमच्या लोकांना झेपायचा नाही. तुम्ही आपला कच्चा माल पाठवत राहा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी शांतपणे डबा ओढून घेतला, "मग हे कोणी भाजलेत असं वाटतं तुम्हाला?" एवढंच विचारलं आणि उठल्या. पुढे त्यांनी गावातल्या बायकांच्याच बचतीतून कारखाना उभा केला. परवा सहज जुन्या ऑफिसची वेबसाइट उघडली, तर पहिल्याच पानावर त्या कारखान्याचा फोटो होता आणि खाली निर्लज्जपणे लिहिलं होतं, 'पश्चिम आफ्रिकेतली गरिबी हटवण्यात आमचा हातभार.'