गुरुवारची सुट्टी

मशीनवर ओततात त्या कूलंटचा वास आला की मला निगडीतलं ते अभ्यासकेंद्र आठवतं आणि आजही माझं डोकं फिरतं. चाकणच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट करता करता मी बाहेरून बी.ए. करत होतो. आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, आणि केंद्राचे तास मात्र रविवारी. म्हणून एका गुरुवारी मी गृहपाठाची वही द्यायला गेलो. पानांच्या कडांना माझ्या बोटांचे कूलंटचे तेलकट डाग पडले होते. केंद्रप्रमुखाने ती वही दोन बोटांनी उचलून बाजूला टाकली. "एकाही तासाला हजर नाही. रविवारी झोपा काढता काय?" मी म्हणालो, "सर, रविवारी शिफ्ट असते. आमची सुट्टी आज." "मग शिकायचं कशाला? परीक्षेला बसायचं विसरा." खिडकीतून त्याची नवीकोरी गाडी दिसत होती. "सर, असल्या गाड्यांचे ब्रेक आम्ही रविवारीच बनवतो." त्याने वही परत ओढून जमा करून घेतली. पास झालो, पण पदवीचं प्रमाणपत्र मी आजवर भिंतीला लावलेलं नाही. ते हातात देताना त्याने विचारलं होतं, "आज बरी सुट्टी मिळाली?" आणि त्या दिवशीही गुरुवारच होता.