मारुतीरायानं खाल्लेल्या कुरडया

मारुतीचा जन्म आमच्या अंजनेरीचा, त्यामुळे पंचवटीतली माकडं म्हणजे सासूबाईंच्या लेखी घरचीच माणसं. दर शनिवारी त्या गच्चीवर गूळ-फुटाणे मांडत आणि माकडांची टोळी हक्कानं पंगतीला बसे. मी पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांची मुलगी. आमच्याकडे बागेत शिरलेल्या पाखरांना गोफण दाखवायची रीत. लग्न होऊन आले तेव्हा साड्यांच्या घडीत मी माझी गोफणही आणली होती. सासूबाईंनी ती पहिल्याच शनिवारी माळ्यावर टाकायला लावली.

"मारुतीवर हात उगारायचा नाही या घरात," त्या म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात नणंदेचं लग्न ठरलं. साखरपुड्यात विहीणबाई जाता जाता बोलून गेल्या, की रुखवत बघितलं की मुलीच्या आईचा हात कळतो. झालं. सासूबाईंची झोप उडाली. गहू भिजले, चीक निघाला, सोऱ्या फिरला आणि गच्चीभर गुलाबी, हिरव्या, पिवळ्या कुरडया पसरल्या. इतक्या देखण्या, की मलाही त्यांचा गर्व वाटला.

त्या कडक वाळल्या तो नेमका शनिवार. माकडं आली, कुरडयांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि फुटाण्यांना भिडली. तिथंच सगळं निभावलं असतं. पण नैवेद्य दाखवल्याशिवाय आपण कसं वापरायचं, असं सासूबाईंच्या मनात आलं. त्यांनी सगळ्यात सुरेख गुलाबी कुरडई तळली आणि माकडांपुढे ठेवली.

"पहिली त्याला, बाकीच्या आपल्याला," त्या समाधानानं म्हणाल्या.

यातला 'बाकीच्या आपल्याला' हा भाग माकडांना कुणी समजावला नव्हता. म्होरक्यानं कुरडई कुरकुर खाल्ली, बोटं चाटली आणि गच्चीभर नजर फिरवली. मग काय, पंगतच बसली. एक पिल्लू तर हिरवी कुरडई डोक्यावर धरून टीव्हीच्या अँटेनावर चढलं.

मला हसू आवरेना. पण मग सासूबाईंचे डोळे भरून आलेले दिसले. पोरीच्या रुखवताची त्यांची सगळी हौस डोळ्यांदेखत चालली होती.

"गोफण काढ," त्या म्हणाल्या.

"आई, आज शनिवार आहे."

"माहीत आहे मला. मार. पण लागू देऊ नकोस."

दगड शेजारच्या पत्र्यावर असा दणकला, की सगळी टोळी गोदेच्या दिशेनं पसार झाली. उरल्या त्या कुरडया एका परातीत मावल्या.

लग्नात विहीणबाईंनी ती परात निरखली. "एवढ्याच?"

मी खाली मान घातली. सासूबाईंनी मात्र पापणीही हलवली नाही.

"बाकीच्या सगळ्या मारुतीरायानं खाल्ल्या. स्वतः गच्चीवर येऊन. हा उरला तो प्रसाद."

विहीणबाईंनी चटकन चपला काढल्या. एक कुरडई कपाळाला लावली आणि देवघरात ठेवते म्हणून रुमालात बांधली. सासूबाईंनी पदराआडून माझा हात घट्ट धरला. हसू दाबायला त्यांनी दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावला.

गोफण पुन्हा माळ्यावर गेली नाही. ती देवघराशेजारच्या खुंटीला लागली. दर शनिवारी पंगतीला वाढायला त्या आणि पंगत उठवायला मी.