भासऱ्यांची वेतननिश्चिती

९ मार्च, रविवार. दहा किलो लाल मिरचीचे देठ खुडायचे होते. दर वर्षी हे काम मी आणि थोरल्या जाऊबाई त्यांच्या गच्चीवर करतो, कारण आमच्या घराला गच्ची नाही आणि त्यांच्या वरच्या मजल्याचं कौतुक वर्षातून एकदा तरी करावंच लागतं. हा मजला भासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर बांधला. पेन्शनचा काही भाग कायद्याने सरकारला विकता येतो. महिन्याची पेन्शन तेवढी कमी होते, बदल्यात एकरकमी पैसे हाती येतात. त्या पैशाचा हा मजला.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्या भागात भासरे म्हणतात. धाकट्याच्या बायकोने त्यांच्याशी थेट बोलायचं नसतं. मी इथे आदिलाबादला ट्रेझरीत सुपरिंटेंडंट आहे. दिवसभर तेलुगू, हिंदी, मराठी अशा तीन भाषांत मोठमोठ्या अधिकाऱ्यांना नियम सांगते, पण लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी भासऱ्यांशी एक वाक्य बोललेले नाही. त्यांना काही विचारायचं असलं की ते जाऊबाईंना विचारतात आणि त्या मला. उत्तर त्याच रस्त्याने परत जातं. आम्ही तिघं एकाच खोलीत असतो, तिघांचेही कान शाबूत आहेत. तरी जाऊबाईंनी पुन्हा म्हटल्याशिवाय कुणी काही ऐकलं असं धरत नाही.

भासरे महसूल खात्यात होते. खालपासून चढत चढत जिल्ह्याच्या मोठ्या हुद्द्यापर्यंत गेले आणि तीन वर्षांपूर्वी घरी आले. तेव्हापासून जाऊबाईंच्या स्वयंपाकघराची रोज तपासणी होते. गॅस सिलिंडर कोणत्या तारखेला लागला, याची वही आहे. कुकरच्या शिट्ट्या ते बैठकीतून मोजतात. धुणंवाली दोन दिवस आली नाही, तर तिच्याकडून लेखी खुलासा मागवावा असं त्यांचं मत पडलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून ते प्रकरण मिटलं.

आणि गेल्या महिन्यात सरकारने त्यांना उटनूरला एका तक्रार निवारण मंडळाचे अध्यक्ष नेमलं. सकाळी आठला गाडी येणार आणि अंधार पडता पडता परत सोडणार. जाऊबाईंनी त्याच दिवशी डब्याची नवी पिशवी आणली.

आमच्या गावाकडच्या लोकांचा पक्का समज आहे, की मोठा सायेब आपली तनखा आपणच लिवून घेतो. माझ्या टेबलावर बसून बघावं. शिपायाचा पगार शिपायाला तोंडपाठ असतो आणि मागे त्याची युनियन असते. साहेबाचा पगार मात्र कुठल्यातरी आदेशातल्या एका ओळीने ठरतो, आणि ती ओळ वाचायला साहेबाला वेळ नसतो. भासऱ्यांच्या आदेशात ती ओळ होती : शेवटचा मूळ पगार वजा पेन्शन. पेन्शन साधारण पगाराच्या निम्मी, म्हणजे उरला निम्मा पगार. भासरे धरून चालले होते की पूर्ण पगार मिळणार आणि वर पेन्शन.

त्यांच्या वेतननिश्चितीचा कागद माझ्याकडेच आला. हे माझ्या नात्यातले आहेत, असं मी आमच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलं. ते म्हणाले, "मॅडम, हिशेब तुम्हीच करा, सही मी तपासून करतो." हिशेब शुक्रवारी झाला. रुजू होण्याची शेवटची तारीख सोमवार होती.

भासरे खाली पेपर वाचत होते तेवढ्यात मी जाऊबाईंना निम्म्या पगाराचं सांगितलं. त्यांच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"त्यायले नको सांगू वं बाई," त्या म्हणाल्या. "रुजू होऊ दे, मंग सांग. कालच म्हणून राह्यले होते, हाताखालच्याले माह्यापेक्षा जास्त तनखा असली तं त्या खुर्चीत बसनार नाही."

"असणारच आहे जास्त."

"मंग तं मेलीच मी. तुले काय, तू दहाले ऑफिसात जातं. मी कुठी जाऊ?"

"जाऊबाई, रुजू झाल्यावर कळलं तर ते राजीनामा देतील आणि त्याचेही कागद मलाच करावे लागतील. मी सांगणार."

"कसं सांगशीन? मधात तं मीच आहो ना."

हे मात्र खरं होतं.

इतक्यात भासरे फाइल घेऊन वर आले आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आमच्याकडे अर्धी पाठ करून खुर्चीत बसले. दोनदा शिंकले. मग फाइलकडे बघत म्हणाले, "बाईले विचार, माह्या तनख्याचं कुठवर आलं?"

"काऊन वं, कुठवर आलं?" जाऊबाईंनी मला विचारलं, आणि डोळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलं.

"झालं म्हणावं. शेवटचा मूळ पगार वजा पेन्शन."

"बाई म्हणते, झालं," जाऊबाई म्हणाल्या.

भासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "वजा असं काहीतरी कानावर आलं."

"ते मिरचीचं म्हणून राह्यली. देठं वजा जाऊन किती भरन, असं."

मला हसू आलं, पण अर्धंच सांगून थांबणं मला जमत नाही. शिवाय खरी मेख पुढेच होती. मी आवाज चढवला.

"जाऊबाई, त्यांना हेही सांगा की पेन्शन पूर्ण वजा होते. जो भाग विकला, जो आता महिन्याला हाती येतही नाही, तोसुद्धा."

हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. त्या निरोप्याचं काम विसरल्या.

"म्हणजे म्हैस इकली, तरी तिचं दूध आपल्याच नावावर?"

"तसंच."

"हा कुठला कायदा झाला वं?"

"जुनाच आहे."

टाकीच्या सावलीत भासऱ्यांच्या फाइलचं पान अर्धं उलटलेलं होतं, ते तसंच राहिलं. जाऊबाईंनी पदराने कपाळ पुसलं, त्याला मिरची होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही.

"अवो," त्या भासऱ्यांना म्हणाल्या, "बाई म्हणते, ऊन वाढलं, चहा मांडू का?"

"मांड."

स्वयंपाकघरात जाऊबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "ऐकलं असंन का त्यायनं?"

"ऐकलं असेल. पण तुम्ही सांगितलं नाही तोवर ते ऐकलं म्हणणार नाहीत. उद्या ऑफिसात सही करायला येतील, तेव्हा मी सांगेन."

"तू बोलशीन? त्यायच्याशी?"

"तिथे ते अर्जदार आहेत."

जाऊबाईंनी उतू येणाऱ्या चहाखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "सांग मंग. पन जरा गोड करून सांग." ते मला येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

सोमवारी साडेदहाला भासरे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मध्ये घ्यायला कुणी नव्हतं.

"या सार, बसा," मी म्हटलं.

ते बसले. मी कागद त्यांच्याकडे वळवला आणि तिन्ही ओळी वाचून दाखवल्या : मूळ पगार, वजा पेन्शन विकलेल्या भागासह, बाकी. त्यांनी चष्मा चढवला आणि स्वतः पुन्हा वाचलं.

"म्हणजे काल ते..." म्हणाले आणि थांबले. "काल मी काही ऐकलं नाही."

"नाही सार."

"माझ्या हाताखाली उटनूरला जो सुपरिंटेंडंट आहे, त्याचा पगार?"

"तुमच्यापेक्षा जास्त आहे. माझाही आहे."

यावर त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जावर 'नियमानुसार' असा शेरा मारलेला माणूस, त्याला नियम समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त तो त्यांना पचायचा होता.

"नाही गेलो तर?"

"आज पाच वाजेपर्यंत लेखी नकार द्यावा लागेल. नमुना आहे." मी तोही कागद काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला.

त्यांनी दोन्ही कागद वाचले, नकाराचा जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "काल रात्री तीनदा विचारलं मी तुमच्या जाऊबाईले, डबा किती वाजता देशीन. तीनही वेळा म्हणाली, सहाले तयार ठेवते. गाडी उद्यापासून आठले येते." पेनाचं टोपण काढलं. "मलेही घरी बसून कंटाळा आला आहे. हे मात्र तिले सांगू नका."

"मी निरोप नेत नाही सार. ते काम जाऊबाईंचं."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू असावं, पण मी लेखी देणार नाही. रुजू होण्याच्या कागदावर त्यांनी तीन ठिकाणी सही केली, तारीख घातली, आणि नकाराचा नमुना घडी करून माझ्याकडे सरकवला.

मी कागद तपासले. पेन्शन आदेशाची नक्कल जोडलेली नव्हती. झेरॉक्सचं दुकान फाटकासमोर आहे, असं सांगून मी त्यांना पाठवलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.